बोरखेडीचे इंजन

मंगळवारी दुपारी ग्रंथालयात तार आली. दादा सोमवारी वारला होता. मी कपाटांना कुलपे लावली, घरी जाऊन बायकोला सांगितले आणि बुधवारी गाडीत बसलो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या कारखान्यात तो फिटर होता. सात वर्षांपूर्वी वर्ध्याकडे ग्रामोद्योगाचे काम शिकायला म्हणून गेला, तो परत आला नाही. दर महिन्याला त्याचे पत्र येई. पहिल्या पानावर आमची चौकशी असे, आणि गेली दोन वर्षे पुढची तीन-चार पाने एका जुन्या ट्रॅक्टरविषयी असत. ती पाने मी वाचत नसे. हे आधीच सांगून टाकतो. माझा दिवस पुस्तकांच्या पाठींवर क्रमांक चिकटवण्यात जातो. झडपा आणि पिस्टनच्या कड्या यांत मला गोडी नव्हती. पहिले पान वाचून मी पत्र घडी करून ठेवून देई.

माझ्या ओळखीच्यांपैकी त्या बाजूला कोणी गेलेले नाही. वर्धा म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे आश्रम येतात. मी सतरा-अठरा दिवस ज्या वर्धा जिल्ह्यात राहिलो तिथे आश्रम नव्हता. काळी जमीन होती, वैशाखात तिला पडलेल्या हातभर खोल भेगा होत्या आणि माणसे होती.

सिंदी

दादा पत्रात सिंदीचे नाव लिही, म्हणून वर्ध्याच्या पुढे सिंदीला उतरलो. कापसाचा हंगाम संपला होता, पण कापूस अजून गावातून गेला नव्हता. फलाटाच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना, कौलांच्या फटींना त्याचे पुंजके लटकले होते. आमच्याकडे गावाला धुळीचा रंग असतो; सिंदीला धुळीवर पांढरी लव होती. हमालाने माझी ट्रंक उचलताना विचारले, "कोठी जाऊन राह्यले जी?" मी समुद्रपूर म्हटले. त्याने मला सरकीची पोती भरलेल्या एका ट्रकपाशी नेले आणि पोत्यांवर बसवून दिले. जामच्या फाट्यापर्यंतचा तो प्रवास मी टोपीवर ओला पंचा धरून केला. पंचा वाळला की ड्रायव्हरचा सोबती मागे वळून पाण्याचा लोटा वर करी. ओळख ना पाळख.

जाम

जामला नागपूरचा रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या कडेला चहाची, पंक्चरची, पान-तंबाखूची दुकाने आहेत. समुद्रपूरची सरकारी मोटार तिथून मिळणार होती. चहा घेतला आणि दुकानदाराला विचारले, "मोटार केव्हा?"

"येऊन राह्यली."

मी अर्धा चहा तसाच ठेवला, ट्रंक उचलली आणि उन्हात धावलो. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता.

"काऊन पळाले जी?" दुकानदार आतून ओरडला.

"येऊन राहिली म्हणालात ना? कुठे आहे?"

"अजून आली नाई, येऊन राह्यली. आली असती तं आली म्हनलं नसतं का मी?"

बाकावर एक म्हातारा बिडी ओढत होता. तो म्हणाला, "पुन्याकडचे दिसतात. तिकडे मोटार येते, अन् मंग मुक्कामी राहते."

सगळे हसले. तार आल्यापासून मीही प्रथमच हसलो. मोटार तासाभराने आली. तेवढ्यात मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवले: येऊन राहणे म्हणजे येत असणे, करून राहणे म्हणजे करीत असणे. नवी भाषा टिपून ठेवायची मला सवय आहे. टिपली म्हणजे समजली असे मला वाटते, ही दुसरी सवय.

बोरखेडी

समुद्रपूरपासून बोरखेडी दोन कोस, पायी. गावाच्या पूर्वेला सात घरांची वस्ती आहे. ती माणसे दीड वर्षापूर्वी बौद्ध झाली होती. पहिल्याच घरापुढे एक उंच, काटक बाई उभी होती. केस पांढरे, कासोटा घातलेला. मी काही बोलण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नाक भाऊचंच हाये." मग विचारले, "जेवले का?"

ही भागुबाई. दादा सात वर्षे हिच्या घरी जेवला. गावातल्या मोठ्या घरातून मला बोलावणे आले होते, पण दादा जिथे जेवत असे तिथेच मी जेवायचे ठरवले.

दादाला ऊन लागले होते. शनिवारी तो गोदामात काम करता करता खाली बसला, रविवारी ताप चढला, सोमवारी पहाटे गेला. दहन झाले होते. भागुबाईने मला लिंबाच्या झाडापाशी नेले. फांदीला फडक्यात बांधलेले अस्थींचे मडके टांगले होते.

"आमी आता हे मानत नाई," ती म्हणाली. "पन तुमी मानत असान, म्हनून ठेवल्या."

संध्याकाळी सातही घरांतली माणसे अंगणात जमली. मेणबत्ती लावून सर्वांनी मिळून त्रिशरण म्हटले. शब्द त्यांना नवे होते; कोणी अडखळले की बाकीचे थांबत आणि पुन्हा सुरू करीत. घरात भिंतीचा कोनाडा रिकामा होता. पूर्वी तिथे देव असत. आमच्या घरी मरणानंतर तेरा दिवस काय करायचे, काय करायचे नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असते. इथे माणसे ते त्या वेळी शिकत होती. मला ते बरे वाटले. मलाही काय करावे ते कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी वणा नदीच्या एका डोहात मी अस्थी सोडल्या. भागुबाई काठावर उभी होती.

त्याच संध्याकाळी परत निघायचा माझा बेत होता. परतताना तिने मला शेतावर नेले.

नऊ एकर जमीन. सात घरांना मिळून भूदानात आलेली. मला तिथे हिरवळ दिसली आणि वैशाखात एवढी हिरवळ पाहून बरे वाटले. तसे म्हटलेही.

"हिरवळ?" भागुबाई म्हणाली. "कुंदा हाये तो. उपटा पाहू एक."

मी वाकून उपटू लागलो. पाते तुटून हातात आले. दुसरे उपटले, तेही तुटले. मुळे वीतभर खाली, एकमेकांत विणलेली. बैलांचा नांगर त्यात शिरत नाही आणि शिरला तर मुळे तुकडे होऊन दुप्पट उगवतात. दोन वर्षे सात घरांनी पेरले आणि दोन्ही वर्षे कुंद्याने ज्वारी खाल्ली. जमीन खोल उलटवून मुळे पंधरा-वीस दिवस उन्हात भाजली तरच कुंदा मरतो, आणि ते मृगाच्या आधी व्हायला हवे.

"भाऊ म्हनले होते, या वैशाखात इंजन फिरवतो."

"मग आता?"

"सोमाजी फिटर येते रोज समुद्रपूरच्या जिनातून. हात चांगला हाये त्याचा. पन भाऊनं काय केलं, काय नाई केलं, ते सारं वहीत लिहिलं हाये, अन् ते अक्षर कोनाले लागत नाई. तुमाले लागते का?"

दादाचे अक्षर लहानपणापासून मुंग्यांच्या रांगेसारखे. घरात ते फक्त मला वाचता येई. वाचण्याखेरीज मला दुसरे काही येत नाही, आणि तेवढेच तिथे हवे होते. मी राहिलो.

गोदामात

ट्रॅक्टर गावाबाहेर मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या पूर्वीच्या जमीनदारांच्या, जुन्या कापसाच्या गोदामात होता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी थोरल्या मालगुजारांनी तो नांगरासकट विलायतेहून मागवला, चार हंगाम चालवला, आणि बंद पडल्यावर तिथेच सोडला. त्यांच्या मुलाने तो दादाला असाच देऊन टाकला. गाव त्याला इंजन म्हणते. चाके लोखंडी, मागच्या मोठ्या चाकांना नांगराच्या फाळासारखे दात. बसायला भोके पाडलेले लोखंडी पत्र्याचे आसन. दादाने मूळ राखाडी रंग घासून काढून पुन्हा तोच दिला होता, चाकांना शेंदरी. बाजूला त्याची बाज होती. सात वर्षे तो रोज त्या गोदामातच झोपला.

सोमाजी फिटर पन्नाशीचा, बुटका, कानात कापसाचे बोळे. जिनात कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या आवाजासाठी घातलेले ते बोळे तो घरीही काढत नसे. त्यामुळे सगळ्यांनी त्याच्याशी ओरडून बोलायचे आणि त्याने हळू बोलायचे, असा रिवाज होता.

मी वही वाचून दाखवू लागलो. दादाने दोन वर्षांत इंजन सुटे करून पुन्हा जोडले होते. रेडिएटरची गळती बंद केली होती, झडपा घासल्या होत्या, कार्बुरेटरचे बारीक भोक घोड्याच्या शेपटीच्या केसाने साफ केले होते. नोंदी तुटक. 'हिंगणघाटला गेलो. रेडिएटरला डाग दिला. राहिलो.' 'वर्ध्यास बोल्टांसाठी. मिळाले नाहीत. राहिलो.' शेवटच्या पानावर एकच ओळ होती: 'मॅग्नेटोचे टायमिंग लावून राहिलो.'

मॅग्नेटो म्हणजे नारळाएवढा एक डबा. हा ट्रॅक्टर बॅटरीवर चालत नाही. हँडल मारले की हा डबा स्वतःच ठिणगी तयार करतो. ती नेमक्या क्षणी पडावी लागते. तो क्षण जुळवणे म्हणजे टायमिंग लावणे. सोमाजीने हे मला समजावले आणि विचारले, "टायमिंगचं काय लिहिलं?"

"लावलंय," मी ओरडलो. "शेवटी तेच केलं त्यानं."

"भाऊनं लावलं ना? मंग त्याले आपन हात नाई लावत."

दुसऱ्या दिवशी पेट्रोल घातले आणि सोमाजीने हँडल मारले. काही नाही. दहाव्यांदा मारले तेव्हा इंजनाने खोकल्यासारखे केले. पंधराव्यांदा धूर मागून जाण्याऐवजी कार्बुरेटरच्या तोंडातून बाहेर आला, असा आवाज झाला की गोदामातल्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या, आणि हँडल उलटे फिरून सोमाजीच्या मनगटावर बसले.

"लाथ मारते साली," तो मनगट चोळत म्हणाला. "पन जित्ती हाये."

मग आम्ही शोधत बसलो. कार्बुरेटर तीनदा खोलला. पेट्रोलात पाणी असेल म्हणून ते कापडातून गाळले. झडपांतले अंतर मोजले. प्लग काढून विस्तवावर लालभडक केले. मला स्क्रू ढिला करायचा आणि आवळायचा हे दोन्ही जमू लागले. नखांतले वंगण जाईना. दुपारी भागुबाईची सून आंबील आणि भाकरी आणून देई. एकदा भागुबाई स्वतः वांग्याची भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "वरून सांबार टाकू का?"

"नको, मला आंबट चालत नाही."

"सांबार आंबट?" ती मला न्याहाळत म्हणाली. मग पदराआडून कोथिंबिरीची जुडी काढली. "हिरवा सांबार आंबट लागते तुमाले? पुन्यात काय चिंचेच्या झाडाले लागते का?"

त्यानंतर सोमाजी रोज मला ओरडायला लावी, "आज सांबार गोड हाये का कडू?"

दिवस मात्र चालले होते. भागुबाई रोज सकाळी शेताकडून येई, कुंद्याचे एखादे मूळ हातात घेऊन, आणि ते गोदामाच्या दाराशी टाकून जाई. दोनदा सोमाजी म्हणाला, "एक डाव मॅग्नेटो पाहू का खोलून?" दोन्ही वेळा मी नको म्हटले. लिहिलेय ना, म्हटले. खरे कारण मी सांगितले नाही. त्या डब्याला दादाचा हात शेवटचा लागला होता. आम्ही तो खोलला की दादाने केलेले काम गेले असते.

अकरावा दिवस

अकराव्या दिवशी सोमाजीचे मनगट इतके सुजले की त्याला हँडल धरवेना. तो बाजेवर बसून राहिला. भागुबाई आली, तिने त्याच्या हाताला हळद-तेल लावले आणि मला म्हणाली, "वही वाचा."

"वाचलीय सगळी."

"तुमी वाचली. मले कोठी वाचून दाखवली? आमचं काय लिहे भाऊ, ते तं आयकू."

मी पहिल्या पानापासून वाचू लागलो. 'भागुबाईने मोहाची फुले वाळत घातली, गोदामभर वास.' ती म्हणाली, "खोकलत होता, म्हने उचल." 'सोमाजीने पाना हरवला. त्याच्याच पगडीत सापडला.' मी हे ओरडून वाचले. सोमाजीने पगडी काढून मांडीवर ठेवली. असे वाचत वाचत शेवटच्या ओळीशी आलो.

"'मॅग्नेटोचे टायमिंग लावून राहिलो.'"

"मंग?"

"मग काही नाही. संपली वही. टायमिंग लावलं, आणि इथेच राहिला त्या दिवशी."

"कोठी राह्यले?"

"इथे. गोदामात."

"भाऊ तं रोजच इथी राहे," भागुबाई म्हणाली. "मंग रोज काऊन नाई लिहिलं?"

मी वहीकडे पाहिले. हिंगणघाटला राहिलो. वर्ध्यास राहिलो. बोरखेडीत राहिलो असे दोन वर्षांत एकदाही नव्हते.

"लावून राह्यलो म्हनते तो," ती हळूच म्हणाली. "लावून राह्यलो. लावत होता मानूस. झालं नोतं त्याचं."

सोमाजीला ऐकू गेले नव्हते. तिने त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितले. तो उठून उभा राहिला.

"अकरा दिस!" तो म्हणाला. "अकरा दिस लाथा खाल्ल्या म्या! पुन्याच्या मानसाले वऱ्हाडी वही द्यालेच नाई पाह्यजे!"

आणि मी जामच्या चहाच्या दुकानात हे टिपून घेतले होते. ते हमालाला लागू होते, दुकानदाराला लागू होते. दादा तसे लिहील हे माझ्या मनात आले नाही. राहिलो हा शब्द त्याने शाळेत शिकवतात तसा शुद्ध लिहिला होता, पण वाक्य इथले होते. पुण्यास परतल्यावर मी त्याची सगळी पत्रे काढून वाचली. पहिल्या पानावर तो पुण्याचे मराठी लिही. मागच्या पानांवर, जिथे इंजन होते, तिथे 'झडपा घासून राहिलो', 'भागुबाई मला शिव्या देऊन राहिली'. दोन वर्षे तो मला ते लिहीत होता.

त्या दुपारी मी वही मिटली आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिलो. कोणी मागे आले नाही. आत आलो तेव्हा सोमाजी पाना हातात धरून थांबला होता.

"खोलू का जी?"

"खोला."

जोडाचे बोल्ट नुसते बोटाने फिरवलेले होते. आवळलेलेच नव्हते. मग आम्ही पहिल्यापासून लावू लागलो. हँडल मी फिरवायचे, सोमाजीने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. आतल्या वाऱ्याने अंगठा उडाला की ज्वारीच्या धांड्याची काडी भोकात सोडायची. काडी वर आली, थांबली. "बस!" मॅग्नेटोच्या आत दोन बारीक टोके असतात, ती त्याच क्षणी एकमेकांपासून सुटायला हवीत. ते डोळ्यांना दिसत नाही. मध्ये अगदी पातळ कागद धरून हळूहळू ओढत राहायचे. कागद सुटला की टोके सुटली.

"पातळ कागद पाह्यजे," सोमाजी म्हणाला. "बिडीच्या पानावानी नको. त्याहून पातळ."

माझ्या ट्रंकेत एक पुस्तक होते. त्यातल्या चित्रावर तलम कागद होता, चित्राची शाई समोरच्या पानाला लागू नये म्हणून घालतात तसा. इतक्या वर्षांत मी पुस्तकाचा कोपराही दुमडलेला नाही. तो कागद मी फाडून दिला.

सकाळी भागुबाईचा थोरला मुलगा हँडलवर उभा राहिला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा इंजन लागले, आणि मग ते थांबेना, आणि त्याला थांबवायचे कोणालाच नव्हते. तापल्यावर ते रॉकेलवर चालते; सोमाजीने पेट्रोल बंद करून रॉकेलचा नळ सोडला. आवाज जाड झाला. त्याने कानांतले बोळे काढले.

"आयकू द्या मले," तो म्हणाला.

शेतावर

नांगर जोडून ट्रॅक्टर काळ्या जमिनीत उतरला तेव्हा फाळाचा तास, म्हणजे चर, दोन विती खोल गेला. माती वड्यांसारखी उलटली आणि कुंद्याची पांढरी मुळे वर आली, दोऱ्यांच्या गुंत्यासारखी. भागुबाई तासातून अनवाणी चालत होती आणि मुळे गोळा करून बांधावर टाकत होती. मी म्हटले, पायाला पोळत असेल. ती म्हणाली, "खालची माती थंड हाये, लहानभाऊ. या, पाय ठेवून पाहा." मी जोडे काढून तासात उभा राहिलो. दोन वर्षांत जिथपर्यंत कोणाचा नांगर गेला नव्हता ती माती थंड आणि ओलसर होती.

तिसऱ्या दिवशी सोमाजीने मला आसनावर बसवले. मी शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तास काढला. उतरून मागे पाहिले तर तो नदीसारखा वळत गेला होता.

"साप गेला का इथून?" भागुबाईने विचारले. तिची सून पदर तोंडावर घेऊन हसली. तो तास सोमाजीने सरळ करायला नको म्हटले. पेरताना कळेल, म्हणाला, लहानभाऊ कुठून गेलते.

चौथ्या दिवशी पूर्वेच्या बांधाजवळ फाळ दगडाला लागून मोडला. दुसरा फाळ हिंगणघाटलाही मिळाला नाही. मृगाला सतरा दिवस होते. भागुबाईने उरलेल्या पट्ट्याकडे पाहिले, मग उलटलेल्या शेताकडे पाहिले आणि म्हणाली, "बस झालं. आता ऊन पाहील त्याचं." दुसऱ्या दिवशी मी निघालो. सातही घरांतली माणसे समुद्रपूरच्या रस्त्यापर्यंत आली. भागुबाईने भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "येजा जी."

परवा तिने लिहवून घेतलेले पत्र आले. नऊ एकरांपैकी साडेआठ एकरांत ज्वारी आणि तूर आहे. अर्ध्या एकरात कुंदा आहे.